पॅटर्नची साखळी: १६ घरांत एक कविता

मंडळाच्या गेल्या काव्यवाचनात एका कवितेच्या मागे ताल वाजत होता. नंतर दोघा-तिघांनी विचारलं, "ते रेकॉर्डिंग होतं ना?" नव्हतं. एका छोट्या यंत्रावर ते मी जोडलं होतं. कसं, ते सांगते.

यंत्र माझ्या मावसभावाचं: कोर्ग कंपनीचं व्होल्का सँपल, २०१४ साली बाजारात आलेलं. सहा पेन्सिल सेलवर चालतं. खाली १६ बटणांची ओळ, एक बटण म्हणजे एक स्टेप. बटण पेटलेलं तिथे ठोका, विझलेलं तिथे शांतता. या १६ स्टेप्सची एक फेरी म्हणजे पॅटर्न. केरव्याच्या ८ मात्रा यात छान बसतात, दोन स्टेप्सना एक मात्रा. दादऱ्याला ६ मात्रा, म्हणजे १२ स्टेप्स. तेव्हा उरलेल्या ४ बंद करून टाकायच्या, यंत्र त्या गाळून पुढे जातं.

असे १० पॅटर्न साठवता येतात. ते एकामागून एक लावायचे तर 'साँग' बनवायचं. साँगला १६ घरं असतात आणि प्रत्येक घरात आपण पॅटर्नचा फक्त नंबर भरतो. हा 'फक्त' महत्त्वाचा. भजनांच्या पुस्तकात ध्रुपद एकदाच छापतात, पुढे प्रत्येक कडव्यानंतर नुसतं 'ध्रु.' लिहितात, तसंच हे. मूळ ध्रुपदात एक शब्द बदला, सगळीकडे बदलला.

मी नेमकी तिथेच फसले. चौथ्या ओळीआधी एक जास्तीचा ठोका हवा होता म्हणून पॅटर्न २ मध्ये घातला, तर तो पाच ठिकाणी वाजायला लागला! उपाय सोपा आहे: पॅटर्न २ उघडायचा, बदल करायचा आणि साठवताना रिकाम्या ५ नंबरवर साठवायचा. मग हव्या त्या एकाच घरात ५ भरायचा. (साठवायला विसरू नका. दुसरा पॅटर्न उघडलात की आधीचा बदल गेलाच. माझी एक अख्खी संध्याकाळ अशी गेली.)

आता हिशेब. लय मिनिटाला ८० ठोके धरली तर चार ठोक्यांचा एक पॅटर्न ३ सेकंदांत संपतो. १६ घरं म्हणजे ४८ सेकंद, बस्स. मैत्रिणीच्या कवितेत ८ ओळी, तिला एक ओळ म्हणायला साधारण ६ सेकंद, म्हणजे ओळीला दोन घरं. कागदावर तंतोतंत जमलं. मी खूश.

तालमीत मात्र कोसळलं. कविता तिच्या वडिलांवर, ते जाऊन वर्षही झालेलं नाही. सहावी ओळ संपली की ती थांबायची. कधी दोन सेकंद, कधी दहा. यंत्र कशाला थांबतंय? ते सातव्या ओळीचे ठोके वाजवत पुढे निघायचं आणि ती मागून धावायची. आधी मी मध्ये एक रिकामा पॅटर्न घातला, कारण शांततेलाही एक घर लागतंच. पण ती शांतताही मोजून ३ सेकंदांची! तिचं थांबणं रोज वेगळं. "मी पाठ करते ना थांबायचं," असं ती म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. चूक तिची नव्हतीच.

शेवटी साखळीच तोडली. साँग १ मध्ये सहा ओळींची १२ घरं, साँग २ मध्ये उरलेली ४. सहावी ओळ संपली की मी प्ले दाबून यंत्र बंद करणार, साँग २ लावून ठेवणार आणि तिच्याकडे बघत बसणार.

कार्यक्रमाच्या दिवशी ती कुठल्याही तालमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, यंत्र बिघडलं वाटतं. माझं बोट बटणावरच होतं. तिने श्वास घेतला आणि मी प्ले दाबलं.