केक का बसला?

विज्ञान प्रयोगशाळेत शिकावे आणि स्वयंपाक घरी करावा, अशी एक सोयीची वाटणी आपण विद्यार्थ्यांनी करून टाकलेली असते. माझीही ती होती. खाण्याच्या सोड्याला, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटला, उष्णता दिली की सोडियम कार्बोनेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू मिळतो, हे समीकरण मी परीक्षेत बिनचूक लिहिले होते. पण गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरचा केक बसला आणि आईने विचारले, "तू केमिस्ट्री शिकतेस ना? मग सांग, हा का बसला?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

बाबांची नोकरी सुटली होती, म्हणून आईने घरी केकच्या ऑर्डरी घ्यायचे ठरविले. भाजण्याची कला आमच्या घराला अगदीच परकी नव्हती. आजी दिवाळीच्या तोंडावर नानकटाईचे पीठ मळून, पत्र्यावर गोळे लावून गल्लीतल्या बेकरीत भाजायला पाठवीत असे. भट्टी बेकरीवाल्याची, हात आजीचा! आता भट्टीही आपली आणि जबाबदारीही आपलीच. पहिली ऑर्डर शेजारच्या कन्नड अक्कांची होती. त्यांच्या नातीचा पहिला वाढदिवस रविवारी होता. केक एक किलोचा, अंडे न घालता. त्यांनी पाचशे रुपये आगाऊ दिले आणि ते मैदा, लोणी व साखर आणण्यात त्याच दिवशी संपले.

शनिवारी दुपारी आईने पीठ कालवले, साचा भरला आणि लाईट गेली. ओव्हन विजेचा. तासाभराने लाईट आली तेव्हा केक भाजला; पण तो फुललाच नाही, भाकरीसारखा चपटा निघाला. आईने संध्याकाळी दुप्पट सोडा घालून पुन्हा केला. तो तपकिरी झाला आणि त्याला साबणासारखी चव आली. आई काही बोलली नाही. पैसे परत करावेत तर ते खर्च झालेले. त्या रात्री मी पाककृतीचे पुस्तक मिटले आणि रसायनशास्त्राची वही उघडली.

केक फुलतो तो वायूमुळे. सोडा आणि दह्यातील आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटू लागतो. अर्धा चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम सोड्यातून, आम्ल पुरेसे असल्यास सुमारे सातशे मिलिलिटर वायू मिळतो. हिशेब सोपा आहे. ८४ ग्रॅम सोड्यापासून एक मोल वायू. पण हा वायू आपली वाट पाहत थांबत नाही. पीठ तासभर साच्यात राहिले, त्या वेळात बराचसा वायू निघून गेला. अंडे घातलेल्या केकला अंड्यातील प्रथिनांचा आधार असतो. आमच्या केकला तोही नव्हता.

दुसऱ्या केकची चूक उलटी होती. सोडा दुप्पट झाला, दही मात्र तेवढेच राहिले. आम्ल संपल्यावर उरलेल्या सोड्याचे उष्णतेने विघटन झाले. या मार्गाने वायू निम्माच मिळतो आणि मागे राहते सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. साबणाची चव त्याची, आणि गडद रंगही त्या अल्कधर्मामुळेच. परीक्षेत लिहिलेले समीकरण ते हेच! ते माझ्यासमोर ताटात होते आणि मी ते ओळखले नव्हते.

बेकिंग पावडर ही याच अडचणीवरची युक्ती आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिच्यात सोडा, कोरडे आम्ल आणि ओल शोषणारा स्टार्च एकत्र असतात. आजच्या बहुतेक पावडरी थोडा वायू ओले होताच आणि बाकीचा भट्टीत सोडतात.

पहाटे आम्ही तिसरा केक केला. मैदा २०० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर, सोडा अर्धा चमचा, बेकिंग पावडर एक चमचा; सारे वजनाने व मापाने, अंदाजाने काही नाही. लाईटचा भरवसा नको म्हणून कुकर घेतला. शिट्टी व रबर काढून, तळाला मिठाचा थर देऊन, पाणी न घालता तो आधी दहा मिनिटे तापवला. सोडा सर्वांत शेवटी घातला. मैद्यात पाणी मिसळून घोटत राहिले की ग्लुटेनचे चिवट जाळे वाढते. चपातीला ते हवे, केकला फार नको. म्हणून हलक्या हाताने एकत्र केले आणि लगेच साचा आत ठेवला. मंद आचेवर पाऊण तास. मधे झाकण उघडायचे नाही, कारण स्टार्च व प्रथिने घट्ट होण्याआधी थंड हवा लागली तर केक पुन्हा बसतो. केक फुलला! वरून तेवढा फिकट राहिला, कारण कुकरची आच खालून असते. गोव्यात बिबिंक करताना वरून निखारे ठेवतात ते उगाच नव्हे.

सजावटीची परीक्षा वेगळी. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि एप्रिलची दुपार त्याहून कमी नसते. १०० ग्रॅम लोणी व २०० ग्रॅम दळलेली साखर घोटून आईने सकाळीच गुलाब काढून फ्रीजमध्ये ठेवले. नाव कन्नडमध्ये हवे होते. आईचे शिक्षण मराठीतले. तिने दुधाच्या जाड पिशवीचा कोन करून ताटलीवर अक्षरे गिरवली. ती म्हणाली, "कन्नड अक्षर गोल, कोन फिरवला की होतं. आपली शिरोरेषाच मेली तुटते." पण नावात जोडाक्षर होते. कन्नडमध्ये त्यातील दुसरे व्यंजन खाली लिहितात, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि आईने खाली जागाच सोडली नव्हती. केक न्यायला आलेल्या अक्कांनी ते पाहिले, हसल्या, कोन हातात घेतला आणि कडेच्या एका गुलाबाला बाजूला सारून ते अक्षर स्वतः लिहिले.

उरलेले पैसे त्यांनी आईच्या हातात ठेवले, वर पुढच्या महिन्याची एक ऑर्डर सांगितली. यातून घर चालते असे मी म्हणणार नाही. त्या सत्राची माझी फी मात्र त्यातून भरली गेली. आता आमच्या ओट्यावर वजनकाटा आहे आणि भिंतीवर माझ्या अक्षरात लिहिलेला कागद : सोडा शेवटी, भट्टी आधी. तो मी आईसाठी लिहिला असे सर्वांना वाटते. खरे तर तो मी स्वतःसाठी लिहिला आहे.