शनीची कडी आणि माझे मत

(द्वितीय वर्ष, कला)

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावी हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका मंडळाने शाळेच्या मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला होता. सहा इंची दुर्बीण होती. रांगेत उभे राहून प्रत्येकाने शनी पाहायचा. नंतर सतरंजीवर बसून, लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात, जे दिसले ते पेन्सिलीने कागदावर काढायचे, असा नियम होता. आठ दिवसांनी त्याच शाळेच्या एका वर्गात प्रदर्शन भरले. एका भिंतीवर मंडळाच्या सभासदांनी कॅमेऱ्याने घेतलेली चंद्राची, मृगातील तेजोमेघाची, देवयानी दीर्घिकेची छायाचित्रे होती. समोरच्या भिंतीवर आम्ही काढलेली चित्रे होती. येणाऱ्या प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या मिळत. एक छायाचित्रासाठी, एक रेखाचित्रासाठी. आवडलेल्या चित्राचा क्रमांक लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची.

रेखाचित्रांत माझ्या शनीचा दुसरा क्रमांक आला. बक्षीस म्हणून एक पेन मिळाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे त्या पेनाचे कौतुक घरी फार झाले. आईने ते शेजारीपाजारी दाखवले.

पण बक्षीस देण्यापूर्वी मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी चार शब्द सांगितले होते. ते म्हणाले, "यंदा शनीची कडी आपल्याला जवळजवळ धारेवरून दिसताहेत. त्यामुळे दुर्बिणीतून ती बारीक रेघेसारखी भासतात." ते ऐकताना माझे कान तापले. कारण मी तर चांगली रुंद, हॅटच्या काठासारखी कडी काढली होती. शाळेच्या पुस्तकातला शनी माझ्या मनात इतका पक्का बसला होता! मग दुर्बिणीत मला काय दिसले होते? खरे सांगायचे तर एक लहानसा पिवळसर गोळा आणि त्याच्या आरपार गेलेली सुईसारखी रेघ. ती रेघच मला चूक वाटली. दुर्बीण लहान आहे म्हणून नीट दिसत नसेल, असे समजून मी मला माहीत असलेली कडी काढून दिली.

सातवीतल्या एका मुलाने मात्र सुपारीतून सुई आरपार घालावी तसे चित्र काढले होते. त्याला तीन मते पडली. त्या तिघांत मी नव्हते.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढे ग्रंथालयात मिळेल ते वाचत गेले, तेव्हा असे दिसले की आकाशाच्या चित्रांचा सारा इतिहासच या एका प्रश्नाभोवती फिरतो आहे : माणूस पाहतो ते काढतो, की काढायला हवे असे वाटते ते पाहतो? त्याविषयी जे समजले ते येथे मांडत आहे.

कान असलेला शनी

शनीची कडी प्रचंड रुंद आहेत. मुख्य कड्यांचा व्यास सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर भरतो. परंतु त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर एवढीच आहे. शनीचा अक्ष त्याच्या कक्षेशी सुमारे २७ अंशांनी कललेला आहे. त्याला सूर्याभोवती फिरण्यास साडेएकोणतीस वर्षे लागतात. या एका फेरीत दोन वेळा, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांनी एकदा, पृथ्वी कड्यांच्या पातळीत येते. मग कागद डोळ्यांसमोर आडवा धरावा तशी ती कडी दिसेनाशी होतात. २३ मार्च २०२५ रोजी असा योग आला होता, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरातही कडी पुन्हा जवळजवळ मिटल्यासारखी झाली होती.

गॅलिलिओने १६१० साली आपल्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्याला कडी ओळखता आली नाहीत. त्याला मोठा गोळा आणि त्याच्या दोन बाजूंना चिकटलेले दोन लहान गोळे दिसले, व तसेच त्याने काढले. १६१२ च्या अखेरीस पाहतो तो ते दोन्ही लहान गोळे नाहीसे! त्याला मोठा अचंबा वाटला. तरीही त्याने आधीच्या चित्राशी जुळावे म्हणून ते गोळे पुन्हा काढले नाहीत. १६१६ साली त्याला शनीला दोन्ही बाजूंनी भांड्यासारखे कान फुटलेले दिसले, तर त्याने कान काढले. या तीन चित्रांचा मेळ त्याला आयुष्यभर बसवता आला नाही.

तो मेळ हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने बसवला. १६५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने निरनिराळ्या निरीक्षकांनी काढलेली शनीची चित्रे एका पानावर मांडली. कोणात गोळे, कोणात कान, कोणात नुसतेच वर्तुळ. मग त्याने दाखवून दिले की शनीला कोठेही न चिकटलेले एक पातळ, सपाट, कललेले कडे आहे असे मानले, म्हणजे या परस्परविरोधी चित्रांचा उलगडा होतो.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. गॅलिलिओला अर्थ कळला नव्हता; पण त्याने दिसले तेच काढले, म्हणून पुढच्याला अर्थ लावता आला. त्याने माझ्यासारखे 'दुरुस्त' चित्र काढले असते तर हायगेन्सच्या हाती काय आले असते? आपल्याला न कळलेली गोष्ट जशीच्या तशी टिपून ठेवणे, हेही ज्ञानाचेच काम आहे.

मंगळावरील कालवे

याच्या उलट उदाहरण मंगळाचे आहे. १८७७ साली मिलान येथील वेधशाळेतून शियापारेल्ली याने मंगळाचा नकाशा तयार केला आणि त्यावर काही रेषा दाखवल्या. त्यांना त्याने इटालियन भाषेत चर किंवा खाच अशा अर्थाचा शब्द वापरला. इंग्रजीत त्याचा 'कालवा' झाला. कालवा म्हटला की तो खणणारा आलाच! अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल या धनिकाने १८९४ साली फ्लॅगस्टाफ येथे खास वेधशाळा उभारली. शेकडो सरळ कालवे काढून, मंगळावर बुद्धिमान प्राणी राहतात, असे तो सांगू लागला. लॉवेल लबाड नव्हता. त्याला ते खरोखर दिसत होते.

मग ते दिसत कसे होते? ग्रीनिचच्या वेधशाळेतील मॉन्डर यांनी यासाठी केलेला प्रयोग वाचून मी थक्क झाले. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी शाळेतील मुलांसमोर मंगळासारखी एक चकती ठेवली. तिच्यावर कालवे नव्हते, नुसते अनियमित ठिपके आणि डाग होते. मुलांना जे दिसेल ते काढण्यास सांगितले. अगदी जवळ बसलेल्या मुलांनी बारीकसारीक डाग काढले. परंतु काही अंतरावरच्या, ज्यांना ठिपके वेगळे दिसू शकत नव्हते अशा मुलांनी सरळ रेषा काढल्या! डोळा सुटे ठिपके जोडून रेघ बनवतो, हे त्यावरून उघड झाले.

हे मॉन्डर १८९० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन' या हौशी निरीक्षकांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. या संस्थेत प्रत्येक ग्रहासाठी विभाग असे. सभासदांनी आपापल्या दुर्बिणीतून काढलेली चित्रे तेथे एकत्र येत, आणि ती शेजारी ठेवून ताडून पाहिली जात. मंगळ विभागाचे प्रमुख आंतोनियादी यांना १९०९ च्या सप्टेंबरात पॅरिसजवळील म्यूदाँ येथील ८३ सेंटिमीटर भिंगाच्या मोठ्या दुर्बिणीतून मंगळ पाहण्याची संधी मिळाली. हवा स्थिर होती. कालवे विरघळून गेले आणि त्यांच्या जागी असंख्य अनियमित डाग दिसू लागले. मॉन्डर यांच्या प्रयोगातील पुढच्या बाकावर जाऊन बसावे तसेच हे झाले!

काचेचा डोळा

माणसाचा डोळा असा फसवतो, तर छायाचित्रावरच भिस्त का ठेवू नये? छायाचित्रणाने आकाशाच्या अभ्यासात क्रांती केली यात शंका नाही. आपला डोळा क्षणाचा उजेड घेतो आणि सोडून देतो. कॅमेऱ्याची काच मात्र तासभर उजेड साठवत बसते. कृत्तिका नक्षत्रात साध्या डोळ्यांनी बहुतेकांना सहा तारका दिसतात. १८८५ साली पॅरिसच्या हेन्री बंधूंनी कृत्तिकांचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यातील एका तारकेभोवती तोवर कोणाच्याच लक्षात न आलेला तेजोमेघ काचेवर उमटला.

महाराष्ट्राशी निगडित असेही एक उदाहरण आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या कोकणापासून विदर्भापर्यंत गेला होता. विजयदुर्गच्या किल्ल्यावर लॉकियर आले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला होता. विदर्भातील तळणी येथे मॉन्डर पतिपत्नी होती. ॲनी मॉन्डर ग्रीनिचच्या वेधशाळेत गणिताचे काम करीत. १८९५ साली लग्न झाल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. तळणीला त्यांनी अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळातील एक किरण टिपला. तो सूर्याच्या व्यासाच्या अनेक पट लांब होता आणि तोवर इतका लांब किरण कोणी टिपलेला नव्हता. लहान साधन आणि नीट केलेली तयारी यांचे मोल यावरून कळते.

परंतु छायाचित्र म्हणजे सत्य, असेही नाही. १८८८ साली इंग्लंडमधील आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने देवयानीचे सुंदर छायाचित्र घेतले. त्यात वलये स्पष्ट दिसत होती. पाहणाऱ्यांना वाटले, ही एखादी सूर्यमालाच तयार होत आहे. छायाचित्र अचूक होते, अर्थ चुकीचा होता. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांना १९२३ साली तिच्यात सापडलेल्या एका रूपविकारी ताऱ्यावरून सिद्ध झाले.

आजच्या छायाचित्रांत तर हाताचे काम पुष्कळ असते. ग्रहाचे चित्र घेताना हजारो चौकटींची चित्रफीत घेतात, त्यांतल्या स्वच्छ चौकटी निवडतात आणि संगणकावर एकीवर एक रचतात. हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघातील स्तंभांचे प्रसिद्ध चित्र पाहा. त्यात गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रकाशाला अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग नेमून दिला आहे. ही फसवणूक नव्हे, कारण नियम सांगितलेला आहे. नियम सांगितला नाही तर मात्र पाहणारा फसतो.

आणि गंमत अशी, की जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा संगणकाने चित्र तयार करीपर्यंत शास्त्रज्ञांना धीर धरवेना. यानाकडून आलेले आकडे कागदी पट्ट्यांवर छापून, त्या भिंतीवर चिकटवून, आकड्यांप्रमाणे रंगखडूने रंगवून त्यांनी पहिले चित्र हातानेच तयार केले. त्यात मनाचे काही नव्हते; आकडा सांगेल तोच रंग. यानाच्या छायाचित्रांत कालवे नव्हते, खळगे होते.

मत कशाला द्यावे?

म्हणजे रेखाचित्र खोटे आणि छायाचित्र खरे, किंवा याच्या उलट, अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही माध्यमे प्रामाणिक असू शकतात आणि दोन्ही फसवू शकतात. मग प्रदर्शनात मते घेणे चूक आहे का? मला तसे वाटत नाही. मतांच्या निमित्ताने त्या दिवशी शेतावरून परतणारी माणसेसुद्धा वर्गात येऊन देवयानीसमोर थांबली. चिठ्ठी हातात असल्यामुळे प्रत्येकाने प्रत्येक चित्र निरखून पाहिले. ग्रीनिचच्या वेधशाळेतर्फेही २००९ पासून आकाशाच्या छायाचित्रांची स्पर्धा घेतली जाते, आणि तेथे छायाचित्राबरोबर दुर्बीण, कॅमेरा यांची माहितीही दिलेली असते. आपल्याकडेही १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून हौशी निरीक्षणाची परंपरा आहे. ती वाढायची तर असे मेळावे व्हायलाच हवेत.

फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की मताने सौंदर्य ठरेल, सत्य ठरणार नाही. माझ्या शनीला मते देणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांच्याही मनात पुस्तकातलाच शनी होता. त्यांनी माझे चित्र आकाशाशी नव्हे, त्या पुस्तकाशी ताडून पाहिले. म्हणून प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण, दुर्बीण आणि आकाश कसे होते ते लिहिलेले असावे. चित्राखाली तारीख असली, की त्या दिवशी शनी कसा दिसत होता हे कोणालाही पडताळता येते. माझ्या चित्राखाली फक्त माझे नाव होते.

या लेखाचा कच्चा मसुदा झाल्यावर मी मंडळाच्या त्या सभासदांना भेटून सारे सांगितले आणि पेन परत देऊ केले. ते हसून म्हणाले, "पेन राहू दे. पुढच्या वेळी त्याच पेनाने तारीख लिही." डिसेंबरात मी पुन्हा शनी पाहिला. या वेळी सुपारी आणि सुईच काढली, खाली तारीख आणि वेळ घातली. चित्र काही देखणे झाले नाही. त्या सातवीतल्या मुलाला ते दाखवले, तर तो बराच वेळ पाहून म्हणाला, "ताई, तुमची सुई जरा जाड झालीय." त्याचे म्हणणे बरोबर होते.