देणगी आणि विद्यार्थ्याचे वर्गाबाहेरील जीवन

खेड्यातील विद्यार्थ्यास महाविद्यालयात प्रवेश मिळाला, शुल्कही माफ झाले, तरी शहरात राहावे कोठे, दोन वेळच्या जेवणाचे काय आणि आजारपणात विचारपूस करणार कोण, हे प्रश्न उरतातच. पुष्कळांचे शिक्षण अर्धवट राहते ते बुद्धीच्या अभावी नव्हे, तर या विवंचनेपायी.

ही अडचण ओळखून डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ साली पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. लोकांच्या देणग्यांतून ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहे उभी राहिली. तेथे अल्प खर्चात निवास व भोजन मिळते. मात्र हे साहाय्य म्हणजे भिक्षा नव्हे. विद्यार्थी आपला वाटा देतो, 'कमवा व शिका' या तत्त्वानुसार श्रम करतो. त्यामुळे त्याचा स्वाभिमान अबाधित राहतो. निरनिराळ्या जिल्ह्यांतील मुले एकत्र राहिल्याने परस्परांना सांभाळून घेण्याची वृत्तीही वाढीस लागते.

देणगीतून उभी राहिलेली इमारत सर्वांस दिसते. भोजन, औषधोपचार, ग्रंथ व क्रीडा यांवर खर्च झालेला पैसा दिसत नाही. तथापि परक्या शहरात विद्यार्थ्यास तग धरावयास लावतो तो हाच. दात्यांनी व शिक्षकांनी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.