उन्हाळ्याची सहल आणि डोंगरावरील पाऊस

वार्षिक परीक्षा आटोपली, कीं घरोघरीं सुट्टीचे बेत सुरू होतात. ज्यांस साधतें तीं कुटुंबें महाबळेश्वरासारख्या थंड हवेच्या ठिकाणीं जातात. गाडी, उतरण्याची जागा, खर्च या सर्वांचा विचार आधीं होतो; पावसाचा मात्र होत नाहीं, व तो आला म्हणजे आपण त्यास लहरी म्हणून दोष देतों. पाऊस लहरी खरा. तथापि त्याच्या कांहीं संवयी ठरलेल्या आहेत. त्या ओळखून बेत आंखला तर सुट्टी वायां जात नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या दिवसांत सह्याद्रीवर दोन प्रकारचा पाऊस भेटतो: एक वळवाचा व दुसरा मोसमी. पहिल्यासाठीं घड्याळ पाहावें लागतें, दुसऱ्यासाठीं दिनदर्शिका.

वळीव कसा होतो? सकाळपासून जमीन तापते. तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढते, व डोंगराचा उतार तिला साह्य करितो. उंचावर थंडीमुळें बाष्पाचे ढग बनतात, आणि बहुधा तिसऱ्या प्रहरीं गडगडाटासह सर कोसळते. यास्तव उघड्या माथ्यावरील हिंडणें सकाळींच उरकावें. विल्सन पॉइंट हा महाबळेश्वराचा सर्वांत उंच माथा, सुमारें १,४३९ मीटर. तेथें सूर्योदय पाहण्यास जावें. दुपार बाजारपेठ, वाचन व विश्रांति यांकरितां राखावी. सूर्यास्त पाहण्यास निघावयाचें असल्यास आधीं आकाश निरखावें.

विद्यार्थी मित्रहो, येथें एक गणित उपयोगी पडतें. ध्वनीस एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. वीज चमकतांच आंकडे मोजूं लागा. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे असें समजा व तत्काळ पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत आश्रय घ्या. झाडाखालीं कधींही उभे राहूं नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नका. 'थेंब पडूं लागले म्हणजे निघूं' असें म्हणणें प्राणावर बेतूं शकतें. कारण वीज पावसाच्या आधींही पडते.

आतां मोसमी पाऊस. तो सर्वसाधारणपणें १ जूनला केरळांत व ११ जूनला मुंबईस पोहोंचतो. परंतु २०२३ सालीं तो मुंबईस २५ जूनला आला, तर २०२५ सालीं २६ मे रोजींच येऊन दाखल झाला. तीस दिवसांचा हा फरक पाहतां मेच्या अखेरीचा भरंवसा धरूं नये. शक्य तों सहल महिन्याच्या पूर्वार्धांत करावी. मोसमी पावसाच्या केरळांतील आगमनाचा अंदाज हवामान खातें २००५ पासून मेच्या मध्यास प्रसिद्ध करितें. त्यांत चार दिवस इकडेतिकडे होऊं शकतात. उत्तरार्धांत जावयाचें असल्यास तो अंदाज ऐकल्यावरच बेत पक्का करावा.

हा पाऊस लागला म्हणजे घड्याळाचा नियम चालत नाहीं. तो दिवसरात्र पडतो, दाट धुकें उतरतें, घाटांत दरडी कोसळतात. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. पूर्वेस जवळच असलेल्या पांचगणीस त्याच्या निम्माही नाहीं, कारण ढग घाटमाथ्यावरच बरेचसे रिते होतात. म्हणून शेवटचे दिवस पांचगणी किंवा वाई येथें घालविण्याची तजवीज ठेवावी.

पालकांस आमची एकच विनंति आहे. परतीच्या दिवसानंतर एक दिवस मोकळा ठेवावा. कामावर हजर होण्याची घाई नसली, म्हणजे भर पावसांत घाट उतरण्याचा मोह होत नाहीं. हवामान खात्याचा इशारा तांबड्या रंगाचा असेल तर प्रवास सरळ रहित करावा.

आणि मुलांनीं काय करावें? सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून एक वही घालावी. सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं आकाश कसें होतें, वारा कोणत्या दिशेचा होता, सर किती वाजतां आली, हें रोज लिहावें. पंधरा दिवसांनीं ती वही वडिलांसमोर उघडावी, आणि उद्यांचा बेत दोघांनीं मिळून ठरवावा.