मुक्या सोबत्याचा आहार

प्रस्तावना
कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती. तो घराची राखण करतो, जीव लावतो. पण आपल्याला काय हवे, हे त्याला सांगता येत नाही. आपण जे वाढू, त्यावरच त्याचे आरोग्य अवलंबून असते.

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर आपण–
• पिल्लाच्या व प्रौढ कुत्र्याच्या आहारातील फरक सांगू शकाल;
• कुत्र्याला अपायकारक असणारे पदार्थ ओळखू शकाल.

मूळ पाठ
चेन्नई शहराचे प्राणिसेवेशी जुने नाते आहे. येथील पशुवैद्यक महाविद्यालय १९०३ साली सुरू झाले. १९५९ साली कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी येथेच ‘ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया’ ही प्राणिसेवी संस्था स्थापन केली. या शहरातील अनेक घरांत कुत्र्याला दहीभात घालतात, महाराष्ट्रात दूधभाकरी. दोन्हींमागे माया आहे. परंतु केवळ मायेने पोषण होत नाही. भात-भाकरीतून ऊर्जा मिळते, पण पुरेशी प्रथिने मिळत नाहीत.

पिल्लाचा आहार : पहिले तीन-चार आठवडे आईचे दूध हाच पिल्लाचा आहार. त्यानंतर मऊ अन्न थोडे थोडे सुरू करावे. पिल्लाचे पोट लहान आणि वाढ झपाट्याची; म्हणून दूध तुटल्यावर दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा खाऊ घालावे. अन्नातील पाण्याचा अंश वगळता पिल्लाच्या आहारात किमान २२.५ टक्के, तर प्रौढ कुत्र्याच्या आहारात किमान १८ टक्के प्रथिने असावीत. उकडलेले अंडे, शिजवलेले मांस, काटे काढलेले मासे यांतून ती मिळतात. मात्र मांसात कॅल्शियम अल्प असते. केवळ मांस-भातावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे दुबळी होतात, पाय वाकतात. उलट, राजपालयमसारख्या थोराड जातीच्या पिल्लाला अतिरिक्त कॅल्शियमही बाधते. म्हणून त्याचे प्रमाण पशुवैद्यांनीच ठरवावे.

प्रौढ कुत्र्याचा आहार : प्रौढ कुत्र्यास दिवसातून दोन वेळा, मोजून खाणे द्यावे. हात फिरवल्यावर बरगड्या सहज जाणवाव्यात. त्या चरबीखाली दडल्या असतील, तर खाणे कमी करावे. चेन्नईच्या दमट उष्म्यात अन्न लवकर आंबते. उरलेले अन्न भांड्यात ठेवू नये. स्वच्छ पाणी मात्र सदैव असावे.

काय देऊ नये : कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. त्यामुळे उरलेला सांबारभात किंवा कांद्याची आमटी प्रेमाने वाढली, तरी ती घातकच. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट हृदयाला व मज्जासंस्थेला बाधते. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतड्यास इजा होते.

सारांश
आपल्या पानातले उरलेले अन्न म्हणजे कुत्र्याचा आहार नव्हे. त्याचे वय, वजन व हालचाल पाहून त्याच्यासाठी वेगळे वाढणे, हीच खरी माया.

पाठगत प्रश्न
१. केवळ दहीभात पिल्लाच्या वाढीस अपुरा का पडतो?
२. उरलेला सांबारभात कुत्र्याला का देऊ नये?
३. आपल्या परिसरातील एका पाळीव कुत्र्याचा दिवसभराचा आहार लिहा व त्यात कोणता बदल हवा, ते सकारण सांगा.