विणकरांचा सोबती

मऊ गादीवर ऐटीत बसलेले, रेशमासारख्या लांब केसांचे एखादे चिमुकले कुत्रे तुम्ही निदान चित्रात तरी पाहिले असेल. त्याच्या जातीचे नाव यॉर्कशायर टेरियर. त्याचा थाट पाहून त्याचे पूर्वज राजवाड्यात वाढले असावेत, असे वाटते. परंतु ते वाढले कष्टकऱ्यांच्या घरांत!

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या यंत्रमागांचा प्रसार झाला. हातमागावर पोट भरणाऱ्या विणकरांच्या तोंडचा घास त्यामुळे हिरावला गेला. स्कॉटलंडमधील अनेक विणकरांनी गाव सोडले आणि कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याची वाट धरली. तेथे कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या होत्या. घरदार सुटले, तरी आपली लहानगी टेरियर कुत्री मात्र त्यांनी सोबत नेली.

लॅटिन भाषेत ‘टेरा’ म्हणजे भूमी. भूमीतील बिळात शिरून शिकार करणारा, तो टेरियर. गिरण्यांत आणि कामगारांच्या दाट वस्त्यांत उंदरांचा सुळसुळाट असे. ही चपळ कुत्री त्यांचा फडशा पाडीत आणि अशा रीतीने आपली भाकरी कमावीत.

पुढे या कुत्र्यांचा इतर लहान टेरियरांशी संकर झाला. लहान चण आणि तलम केस असलेली पिले लोक पिढ्यानपिढ्या निवडीत गेले. पाठीवर पोलादी निळसर आणि डोक्यावर व पायांवर सोनेरी असे ते केस पाहून, ‘हे तर मागावरच विणलेले दिसतात!’ अशी थट्टा होऊ लागली.

१८६५ साली ‘हडर्सफील्ड बेन’ नावाचा कुत्रा जन्मला. त्याने प्रदर्शनांत अनेक बक्षिसे मिळवली. १८७१ साली गाडीखाली सापडून त्याचा अंत झाला. पण तेवढ्या अल्प आयुष्यात तो या जातीचा आदिपुरुष ठरला. १८७० च्या सुमारास या जातीला ‘यॉर्कशायर टेरियर’ हे नाव मिळाले. लवकरच ती श्रीमंत स्त्रियांची लाडकी झाली.

बेनचे नाव इतिहासात राहिले. ज्या विणकरांनी ही कुत्री सोबत आणली, त्यांची नावे मात्र बहुतेक कोणी लिहून ठेवली नाहीत. ते रेशमी केस पाहताना त्या अनामिक हातांचे स्मरण ठेवावे.

स्वाध्याय
१. विणकरांनी आपले गाव का सोडले?
२. ‘टेरियर’ हे नाव कसे पडले?
३. ‘तोंडचा घास हिरावणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.