खडकांवरची पिकअप: आधी काय बदलावं?

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात राहतो. रुबिकॉन ट्रेलसाठी जुनी टोयोटा टॅकोमा घेतोय. आधी लिफ्ट किट बसवू का?

उत्तर: नको. 1995 ते 2004 मधली, मागे डिफरन्शियल लॉक असलेली फोर बाय फोर शोधा. चाक हवेत लटकलं की साध्या डिफरन्शियलमध्ये तेवढंच गरगरतं, गाडी जागची हलत नाही. लॉक लावला की दुसरंही फिरतं. घेण्यापूर्वी खाली शिरून, मागच्या पाट्यांजवळ चॅसी हातोडीनं ठोकून पाहा. या मॉडेलच्या चॅसी गंजतात. बद्द आवाज आला तर गाडी सोडा, कितीही स्वस्त असो.

पहिला खर्च चॅसीला जोडलेल्या, दारांखालचा भाग खडकांपासून वाचवणाऱ्या रॉक स्लायडरवर, मग टायरवर. खडकांवर हवा 15 पीएसआयपर्यंत उतरवा. परत भरायला कॉम्प्रेसर हवाच. लिफ्ट शेवटी, आणि बेतानंच: उंच गाडी लवकर कलंडते.